जमिनीची भाषा आणि जमिनीचे भवितव्य : रायगड किनाऱ्यावरील शेतकरी खेडे

1. प्रास्ताविक

शब्दांचे अर्थ काळानुसार कसे पालटतात याचा विचार आपण मागील घटकात केला. प्रस्तुत घटकात तोच विचार एका विशिष्ट व्यवहारक्षेत्राच्या आधारे पुढे न्यायचा आहे. हे क्षेत्र म्हणजे शेतजमीन, आणि प्रदेश म्हणजे रायगड जिल्ह्याचा अलिबाग-पेण परिसरातील किनारा. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी सातबाऱ्याचा उतारा असेल. त्यावरील शब्द आपण वाचतो. परंतु त्यांचा नेमका अर्थ कळतो का, हा प्रश्न केवळ भाषाभ्यासाचा नाही. अर्थ न कळता केलेल्या एका स्वाक्षरीने पिढ्यांची जमीन हातची जाऊ शकते.

2. खारेपाटाची शब्दसंपदा

धरमतरच्या खाडीलगतच्या सखल भातशेतीच्या पट्ट्याला ‘खारेपाट’ म्हणतात. ही जमीन निसर्गाने दिलेली नाही; समुद्राच्या भरतीला बांध घालून ती माणसाने मिळवलेली आहे. म्हणून येथील शब्द प्रामुख्याने बांधाभोवती गुंफलेले आढळतात. बांधातून पावसाचे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीचे पाणी अडवणारी झडपेची सोय म्हणजे ‘उघाडी’. बांध फुटून पडलेले भगदाड म्हणजे ‘खांड’. गावकऱ्यांनी एकत्र येऊन श्रमाने बांध दुरुस्त करण्याच्या रीतीला ‘जोळ’ म्हणतात.

यातील ‘जोळ’ हा शब्द विशेष लक्षात घ्यावा. शेत एकेकट्याचे असले तरी त्याचे रक्षण सामाईक होते, हे तो सांगतो. बांधांच्या देखभालीत पुढे शासनाचा सहभाग वाढला. 1979 च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने त्याला कायद्याची चौकट दिली. परिणामी जोळ मागे पडली. जेथे खांड वेळेवर बुजवली जात नाही तेथे खारे पाणी शेतात शिरते, भात बंद होते आणि काही वर्षांत तिवरांचे रान माजते. तिवरांना पर्यावरणविषयक नियमांचे संरक्षण असल्याने ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे कठीण होते. सातबाऱ्यावर नाव राहते, शेत मात्र राहत नाही. कागदावरची मालकी आणि प्रत्यक्ष उपजीविका यांतील हे अंतर या प्रदेशाचे खरे दुखणे आहे.

3. ‘कूळ’ : एका शब्दाचा प्रवास

संस्कृत ‘कुल’ म्हणजे घराणे. मराठीत ‘कूळ’ या शब्दाला हा अर्थ आहेच. शिवाय दुसऱ्याची जमीन कसणारा आणि कर्जदार असेही अर्थ त्याला प्राप्त झाले. एकाच शब्दात प्रतिष्ठा आणि पराधीनता एकत्र नांदतात, ही लक्षणीय बाब होय. कोकणात कूळ आणि सरकार यांच्यामध्ये ‘खोत’ असे. पिकाचा मोठा वाटा त्याच्याकडे जाई आणि कसणाऱ्याला आपल्या हक्काचा कागदी पुरावा क्वचितच मिळे.

या व्यवस्थेविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी 1933 साली संप पुकारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो 1939 पर्यंत चालला. शेते पडीक राहिली, कुटुंबांनी मोलमजुरी केली, परंतु निर्धार मोडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे 1948 चा कुळकायदा आला; 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. ‘कूळ’ या शब्दातील पराधीनतेचा अर्थ अशा रीतीने संघर्षाने आणि कायद्याने पुसला गेला.

4. एकरापासून चौरस फुटापर्यंत

आज या गावांतील जमिनीला वेगळ्याच कारणाने मोल आले आहे. भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोटसेवा 2020 साली आणि शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. मुंबई जवळ आली. जुना शेतकरी जमीन मण-खंडीच्या उत्पन्नाने ओळखत असे. पुढे एकर व गुंठा आले. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. आता खरेदीदार थेट चौरस फुटात बोलतो. माप बदलले की दृष्टीही बदलते : खंडीत पिकाचा विचार असतो, फुटात बांधकामाचा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे मातीचे मोल अन्य मार्गानेही वाढू शकते. तरीही विक्रीचे आकर्षण मोठे आहे.

येथे एक बाब ध्यानात ठेवावी. कुळकायद्याच्या कलम 63 नुसार सामान्यतः बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून आपली सर्व शेतजमीन विकणाऱ्या कुटुंबाला उद्या पुन्हा शेतजमीन घ्यायची झाल्यास आपण शेतकरी असल्याचे सिद्ध करणे अवघड जाते. विक्रीतून पैसा येतो; त्याबरोबर ‘शेतकरी’ ही कायदेशीर ओळखही जाऊ शकते.

ही स्थिती केवळ आपल्याकडची नाही. इंडोनेशियात 1960 च्या भूमी कायद्याने पूर्ण मालकी हक्क नागरिकांपुरता ठेवला. तरी बाली बेटावरील भातशेते पर्यटन-निवासांखाली जात आहेत. तेथील ‘सुबक’ ही सामाईक पाणीवाटपाची रीत आपल्या जोळीची आठवण करून देते. भाषेतील नातेही पाहावे. पूर्ण मालकीला तेथे ‘हक मिलिक’ म्हणतात. आपले ‘हक्क’ आणि ‘मालक’ हे शब्द त्याच अरबी मूळांतून आले आहेत. संस्कृत ‘देश’ तेथे ‘देसा’ होऊन खेडे या अर्थाने रूढ झाला.

5. स्वाक्षरीपूर्वी समजून घ्यावयाचे शब्द

(अ) साठेखत व खरेदीखत : साठेखत हा विक्रीचा करार आहे, मालकी खरेदीखताची नोंदणी झाल्यावरच हस्तांतरित होते.

(आ) कुलमुखत्यारपत्र : यातील ‘कुल’ म्हणजे घराणे नव्हे. तो अरबी शब्द असून ‘सर्व’ असा त्याचा अर्थ आहे. आपल्या वतीने सर्व व्यवहार करण्याचा अधिकार आपण दुसऱ्यास देत आहोत, हे ओळखूनच स्वाक्षरी करावी.

(इ) हक्कसोडपत्र : बहिणींकडून बहुधा माहेरच्या जिव्हाळ्यापोटी करून घेतला जाणारा हा दस्त आहे. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. ‘सोड’ या लहानशा पदात तो संपूर्ण हक्क सोडण्याचा अर्थ सामावलेला आहे.

(ई) भोगवटादार वर्ग 2 : अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना विकता येत नाही.

(उ) फेरफार : ही महसुली नोंद आहे. केवळ तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही.

6. समारोप

चरीच्या शेतकऱ्यांपाशी कागद नव्हता, म्हणून त्यांना सहा वर्षे झगडावे लागले. त्यांच्या नातवंडांपाशी कागद आहे. तो वाचण्याची क्षमता मिळवणे हे या पिढीचे काम आहे. जमीन ठेवावी की विकावी, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावयाचा आहे. तो शब्दांचा अर्थ जाणून घेतला जावा, एवढीच या घटकाची अपेक्षा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

1. ‘कूळ’ आणि ‘कुलमुखत्यारपत्र’ यांतील ‘कुल’ यांचा उगम व अर्थ स्पष्ट करा.
2. मापनवाचक शब्दांच्या बदलातून जमिनीकडे पाहण्याची दृष्टी कशी बदललेली दिसते?
3. आपल्या घरचा सातबारा घेऊन त्यातील पाच पारिभाषिक शब्दांचे अर्थ घरातील ज्येष्ठांशी चर्चा करून लिहा.