दिवाणखान्यातला समुद्र

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा तीन कोटेशनं घेऊन अंबाजोगाईला आमच्याकडे आला. भाचा बीडला डॉक्टर आहे. त्याच्या नव्या बंगल्याचं काम चाललं होतं आणि दिवाणखान्यात सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी काचपेटी बसवायचं त्याच्या मनात होतं. साधी गोल्डफिशची पेटी नव्हे. खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची. त्याच्या आठ वर्षांच्या लेकीने टीव्हीवर निळ्या-जांभळ्या रंगात चमकणारं प्रवाळ पाहिलं होतं आणि बापाकडून कबूल करून घेतलं होतं.

“मामा, बाकी सगळं ठरलंय,” तो म्हणाला. “फक्त दिवे कुठले घ्यायचे तेवढं बघून सांगा. तिघांच्या भावात फार फरक आहे.”

तीसेक वर्षं मी बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्ज विभागात. त्यामुळे आकडे असलेला कोणताही कागद आमच्या घराण्यात शेवटी माझ्यासमोर येतो. माझ्या कादंबऱ्या नातेवाईक वाचत नाहीत, पण कोटेशन माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणी पैसे मोजत नाही. या वेळी मात्र कागद हातात घेताना मी जरा अवघडलो. प्रवाळाचा आणि माझा एक जुना हिशेब होता. भाच्याला तो ठाऊक नव्हता.

1990 च्या सुमारास माझी बदली मुंबईला झाली होती. मराठवाड्यातल्या माणसाला समुद्राचं अप्रूप. रविवारी आम्ही मुलांना घेऊन मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात जायचो. 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय मुंबईला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या यादीत असायचं. तिथल्या काचांसमोर उभं राहून राहून मलाही हौस आली. बँकेच्या क्वार्टरमध्ये चार फुटी पेटी आली, समुद्राचं पाणी आलं. एका दुकानदाराने मुठीएवढा तपकिरी खडक दाखवला. म्हणाला, “साहेब, हा जिवंत आहे.” मी घेतला आणि पेटीवर घरातलीच चाळीस वॅटची ट्यूब लावली. आपल्याला उजेड पडला म्हणजे त्यालाही पडला, असा माझा समज.

आठवड्याभरात तो खडक फिका पडू लागला आणि महिन्याने पांढराशुभ्र झाला. मला वाटलं, आता खरा रंग उजळला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी तो कौतुकाने दाखवला. पुढे त्यावर हिरवं शेवाळ चढलं, पाण्याला वास येऊ लागला आणि एके दिवशी पत्नीने पेटी रिकामी करायला लावली. तो जीव उपाशी मेला होता आणि त्याच्या उपासमारीचं मी प्रदर्शन मांडलं होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

प्रवाळ हा खडक नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. हे शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. भाडेकरूने घरमालकाला पोसावं असा हा संसार. उथळ पाण्यातल्या कित्येक प्रवाळांचं बहुतेक पोट या भाड्यावरच चालतं. म्हणून पेटीवरचा दिवा हा शोभेचा नसतो, तो स्वयंपाकघरातला शिधा असतो. शिधा कमी पडला तर उपासमार, आणि एकदम फार झाला तरी शैवाल बिघडतं, प्रवाळ त्याला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो.

हा शिधा मोजायचं माप आपला डोळा नव्हे. आपल्या डोळ्यांना हिरवा-पिवळा उजेड जास्त जाणवतो, तर शैवालाला मुख्यतः निळा लागतो. समुद्राचं पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच गिळतं. खोलवर पोचतो तो निळा. त्यासाठी वेगळं मीटर मिळतं. भर दुपारी उष्ण कटिबंधातल्या समुद्राच्या पृष्ठभागावर ते दोन हजारांच्या आसपास आकडा दाखवतं. मऊ प्रवाळांना पन्नास ते दीडशे पुरतात, फांद्यांच्या टणक प्रवाळांना दोनशे ते साडेतीनशे लागतात. ट्यूब लावलेल्या आपल्या खोलीत हा आकडा दहाच्याही आत असतो. माझ्या मुंबईच्या पेटीचा निकाल इथेच लागला.

आता भाच्याची तीन कोटेशनं. पहिलं मेटल हॅलाइडचं, म्हणजे मैदानावर लावतात त्या जातीचे अडीचशे वॅटचे तीन दिवे. उजेड भरपूर, पाण्याच्या लाटांमुळे तळाशी उन्हासारखी लकाकी खेळते, ती बघायला सुंदर. दिवसाला दहा तास म्हटलं तर साडेसात युनिट, महिन्याला सव्वादोनशे. शिवाय वर्षाकाठी बल्ब बदलायचे, कारण जुन्या बल्बचा रंग बदलत जातो. दुसरं कोटेशन टी-फाइव्ह नावाच्या बारीक ट्यूबचं. चौपन्न वॅटच्या आठ ट्यूब, महिन्याला एकशेतीस युनिट. उजेड सगळीकडे सारखा पडतो, सावल्या राहत नाहीत. पण आठही ट्यूब वर्षभरात बदलाव्या लागतात. तिसरं एलईडीचं. विकत घेताना सगळ्यांत महाग, वापरायला सगळ्यांत स्वस्त. निळा किती, पांढरा किती हे वेगवेगळं ठरवता येतं, सकाळी हळूहळू वाढवून संध्याकाळी उतरवता येतं. नवीन दिवा लावताना निम्म्या जोरावर सुरू करून काही आठवड्यांत वाढवत न्यावं लागतं, तेही त्यात सोपं जातं.

बँकेच्या हिशेबाने एलईडीचं कोटेशन मंजूर व्हायला हरकत नव्हती. पण कर्ज विभागात आम्ही यंत्राच्या किमतीवर कधी थांबत नसू. कारखाना चालवायला पुढे काय काय लागेल ते विचारत असू. मी भाच्याला विचारलं, “मे महिन्यात बीडचा पारा किती?”

“बेचाळीस. कधी त्याच्याही वर.”

प्रवाळाला पाणी लागतं पंचवीस-सव्वीस अंशांचं. मेटल हॅलाइड तर पाणी तापवतोच, पण एलईडी लावला तरी आपल्याकडचा उन्हाळा आहेच. म्हणजे पाणी थंड करणारा चिलर आला. वीज गेली तर? भारनियमनाची वर्षं आपण काढली आहेत. दिवा एखादा दिवस नसला तरी प्रवाळ तग धरतो. पाणी हलायचं थांबलं तर काही तासांत पेटीतला जीव गुदमरू लागतो. म्हणजे इन्व्हर्टर आधी पंपाला, मग दिव्याला. आणि पाणी? पेटीत मावणार साधारण 680 लिटर. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे चोवीस किलो. पाणी शुद्ध करताना यंत्र जितकं देतं त्याहून अधिक गटारात सोडतं. उन्हाळ्यात रोज काही लिटर उडून जाणार, ते भरायचं.

भाचा गप्प झाला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं, ते साल आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. आणि विजेचं म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यातल्या परळीला औष्णिक केंद्र आहे. त्याचा पहिला संच 1971 साली सुरू झाला. कोळसा लांबून गाड्या भरून येतो. पण 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये केंद्र बंद ठेवावं लागलं ते पाण्यावाचून. आपल्याकडे दिव्यामागेही पाणीच आहे. त्या कोळशाचा धूर आकाशात जातो आणि थोडी का होईना, समुद्राच्या तापात भर घालतो. 1998 साली लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली, नंतरही पडत राहिली. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या सागर व हवामान संस्थेने जगभरातलं चौथं मोठं विरंजन चालू असल्याचं जाहीर केलं. विरंजन म्हणजे तेच, माझ्या पेटीत झालं होतं ते. दिवाणखान्यातलं प्रवाळ जगवण्यासाठी समुद्रातलं तापवायचं, असा तो व्यवहार होता.

हे सगळं बोलून झाल्यावर मला खरा प्रश्न सुचला, जो कर्ज विभागात आम्ही सर्वांत आधी विचारत असू: मालकीचे कागद कुठे आहेत? 2001 पासून प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, जिथे वाघ आहे तिथेच. समुद्रातून काढून आणलेला तुकडा बाळगणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. परदेशात प्रवाळाची कलमं करून ती रीतसर विकतात आणि हौशी माणसं ती घरी वाढवतात. टीव्हीवर पाहिलेल्या बऱ्याच पेट्या त्या असतात. आपल्याकडे “सगळं चालतं” म्हणणारा दुकानदार कायद्याचा कागद देत नाही. तिन्ही कोटेशनांत दिव्यांची वॉरंटी होती, प्रवाळाच्या उगमाबद्दल एक ओळही नव्हती.

मग मी भाच्याला माझ्या पांढऱ्या खडकाची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तो म्हणाला, “मामा, हे आधी सांगितलं असतं तर कोटेशनं मागवलीच नसती.” बरोबर होतं त्याचं.

पेटी झाली, पण तीन फुटी, गोड्या पाण्याची, पाणवनस्पतींची. वर चाळीस वॅटची एलईडी पट्टी, दिवसाला आठ तास. नात रुसली. तिची समजूत काढायला दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे मालवणला गेलो. तिथला समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहे. नावाड्याने पोरीला जॅकेट, मुखवटा चढवला, खडकावर पाय टेकवायचा नाही असं तीनदा बजावलं आणि हाताला धरून पाण्यात उतरवलं. बापही मागोमाग उतरला. मी नावेतच बसलो.

दहा मिनिटांनी ती वर आली ती हिरमुसली होऊन. “आजोबा, टीव्हीवरच्यासारखं नाहीये. मातीच्या रंगाचं आहे सगळं.”

तिला मी सांगितलं की टीव्हीवरची ती चमक पुष्कळदा निळ्या दिव्यांची असते. उन्हात प्रवाळ असंच दिसतं, तपकिरी. तो रंग आतल्या शैवालाचा. तो आहे म्हणजे त्याचं पोट भरलेलं आहे.

“मग पांढरं झालं तर?”

उत्तर मला माहीत होतं. ते तिला दिलं आणि तीस वर्षांपूर्वी मी पाहुण्यांना काय दाखवलं होतं, तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मुखवटा पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि नावाड्याला म्हणाली, “काका, अजून एकदा.”