औषधांना दाद न देणारी यीस्ट

कॅन्डिडा ही यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यात एरवी निरुपद्रवी असते. प्रतिकारशक्ती ढासळली, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली किंवा मुख्य शिरेतली नळी बरेच दिवस राहिली, की ती रक्तात शिरते आणि डोळे, मूत्रपिंडे, हृदयाच्या झडपा यांपर्यंत पोचते. रुग्णाचा ताप प्रतिजैविकांनी उतरत नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये सुमारे निम्मे संसर्ग सापडतच नाहीत. त्यामुळे निदान लांबते आणि जिवावरचा धोका वाढतो.

बुरशीची पेशी माणसाच्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. म्हणून रुग्णाला इजा न करता तिला मारणारी औषधे मोजकीच आहेत. अॅम्फोटेरिसिन-बी पेशीचे पटल निकामी करते, पण मूत्रपिंडांवर ताण आणते. फ्लुकोनाझोल हे अॅझोल गटातले औषध त्या पटलाचा घटक असलेले अर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही. कॅस्पोफंगिनच्या गटातली औषधे पेशीभित्तीची जडणघडण रोखतात. माणसाच्या पेशीला भित्तीच नसल्याने ती तुलनेने सुरक्षित ठरतात आणि गंभीर रुग्णाला बहुधा तीच आधी दिली जातात. शिरेतली नळी शक्य तितक्या लवकर काढतात. रक्तातून यीस्ट नाहीशी झाल्यावरही किमान १४ दिवस औषध चालू ठेवतात.

या उपचारांना आव्हान दिले ते कॅन्डिडा ऑरिसने. २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानात सापडलेल्या या प्रजातीचे रक्तसंसर्ग २०१३ मध्ये दिल्लीतील रुग्णालयांतून नोंदवले गेले. अमेरिकेत तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ९० टक्के फ्लुकोनाझोलला, तर सुमारे ३० टक्के अॅम्फोटेरिसिन-बीला दाद देत नाहीत. जनुकीय बदलांमुळे औषधाचे लक्ष्य असलेले विकर बदलते. शिवाय पेशीपटलातले प्रथिनांचे पंप आत शिरलेले औषध बाहेर फेकतात. नळ्यांवर ती चिकट थर करून राहते आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. काही नमुने तिन्ही गटांना पुरून उरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तिला सर्वाधिक धोकादायक बुरशींच्या गटात ठेवले. ही यीस्ट त्वचेवर, खाटेच्या कठड्यांवर आणि उपकरणांवर दीर्घकाळ तग धरते. काही नेहमीची जंतुनाशके तिच्यावर अपुरी पडतात. क्लोरीनयुक्त द्रावण मात्र उपयोगी पडते. प्रजातीची अचूक ओळख, औषधाची संवेदनशीलता चाचणी, नेमकी मात्रा आणि हातांची स्वच्छता ही चारही पथ्ये प्रत्येक अतिदक्षता विभागाने काटेकोरपणे पाळलीच पाहिजेत. नवी औषधे येण्याचा वेग पाहता, हाती आहेत ती टिकवणे हाच आजचा खरा उपाय आहे.