जिना क्रमांक १३

फुटबॉलच्या जगात काही दारं क्रमांकानं ओळखली जातात. ब्युनोस आयर्समध्ये ‘दार क्रमांक १२’ एवढंच म्हटलं तरी जुन्या लोकांना २३ जून १९६८ आठवतो. रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स या एकाच शहरातल्या दोन संघांचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, बोकाचे पाठीराखे घरी निघाले आणि त्या दाराकडे उतरताना ७१ जण चिरडून मेले. दार बंद होतं की प्रवेशाचे फिरते अडथळे काढायचे राहिले होते, यावर तिथं आजही वाद आहे. ग्रीसमध्ये पिरीअसला ‘दार क्रमांक ७’ आहे. ८ फेब्रुवारी १९८१ रोजी ऑलिंपियाकोसनं अथेन्सच्या एईकेला ६-० असं हरवलं. जिंकलेल्या संघाचे पाठीराखे आनंदानं खाली धावले आणि दाराशी अडकले. २१ जण गेले. इंडोनेशियात मलंगच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये १ ऑक्टोबर २०२२ रोजी १३५ माणसं मेली, त्यातली कितीतरी १३ नंबरच्या दाराशी. आणि ग्लासगोत ‘जिना क्रमांक १३’.

हे चारही सामने पिढीजात वैराचे होते. अशा सामन्याला जगभर डर्बी म्हणतात, कोल्हापुरात ईर्षेचा सामना म्हणतात. डर्बीत माणसं मेली की पहिला संशय पाठीराख्यांच्या डोक्यावर जातो: दारू, शिवीगाळ, दगड. या चार घटनांत मात्र समोरच्या संघाच्या पाठीराख्यांनी कुणाला मारलेलं नाही. मारलं ते दारांनी, जिन्यांनी आणि ती चालवणाऱ्यांच्या निर्णयांनी.

ग्लासगोची गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण तिच्यात एक फार सुंदर आणि पूर्ण चुकीची कथा शिरली होती. २ जानेवारी १९७१. रेंजर्स विरुद्ध सेल्टिक, आयब्रॉक्स मैदान, सुमारे ८०,००० प्रेक्षक. अगदी शेवटी सेल्टिकच्या जिमी जॉनस्टननं गोल केला. रेंजर्सचे निराश पाठीराखे निघू लागले. तेवढ्यात कॉलिन स्टाइननं बरोबरी साधली. दुसऱ्या दिवसापासून सगळे सांगू लागले, की गोलचा जल्लोष ऐकून जिना उतरणारे लोक मागे फिरले आणि उतरणारे-चढणारे एकमेकांवर आदळले. यात नाट्य आहे, नशिबाचा खेळ आहे आणि दोष पुन्हा प्रेक्षकांच्या उतावळेपणाचाच आहे. बिचारा स्टाइन! आपल्या गोलमुळे माणसं मेली, असं त्याला वर्षानुवर्षं ऐकावं लागलं.

चौकशीत आढळलं ते वेगळंच. त्या वेळी सगळेजण एकाच दिशेनं, खालीच निघाले होते. उतरताना कुणीतरी अडखळलं आणि मागच्यांना थांबायला जागाच नव्हती. जिना उभ्या चढाचा, बाजूंना भक्कम लाकडी कुंपण, मध्ये लोखंडी कठडे. बाजूला सरकून जीव वाचवायची सोय नव्हती. ६६ जण मेले, बहुतेक श्वास कोंडून, काही तर उभ्याउभ्याच. त्यात फाइफ परगण्यातल्या मार्किंच या लहानशा गावातले पाच शाळकरी मित्र होते. दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत ते जाड लोखंडी कठडे वाकून पिळवटलेले दिसतात.

आणखी एक गोष्ट आहे आणि तिचा मला सर्वांत जास्त राग येतो. याच जिन्यावर १९६१ साली दोघं मेले होते. १९६७ आणि १९६९ साली पुन्हा अपघात होऊन लोक जखमी झाले होते. म्हणजे जिना दहा वर्षं इशारे देत होता.

ज्या वर्षी आयब्रॉक्सचे कठडे वाकले, त्याच १९७१ साली न्यू यॉर्कमध्ये एक पुस्तक आलं. लेखक जॉन फ्रुइन, तिथल्या पोर्ट ऑथॉरिटीतला इंजिनीअर. पुस्तकाचा विषय पादचारी. गर्दीच्या वाटांवर आणि जिन्यांवर कॅमेरे लावून त्यानं माणसं मोजली होती: एका माणसाला उभं राहायला किती जागा लागते, चालायला किती, जिना उतरताना किती. तोपर्यंत रस्त्यांचे इंजिनीअर मोटारींचं असं मोजमाप करत, माणसांचं फारसं कुणी करत नसे. आज गर्दीच्या शास्त्रावर लिहिताना भौतिकशास्त्रज्ञांची नावं आधी येतात, पण त्यांच्या समीकरणांत जे आकडे भरले जातात त्यांतल्या बऱ्याच आकड्यांच्या मुळाशी हा शांतपणे मोजत बसलेला माणूस आहे. त्याला मिळायला हवी तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही, असं मला मनापासून वाटतं.

पुढे फ्रुइन गर्दीच्या दुर्घटनांकडे वळला. १९९३ साली लंडनच्या परिषदेत त्यानं मांडलेला निबंध आजही वाचावा असा आहे. एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी जवळपास द्रवासारखी वागू लागते, असं त्यानं लिहिलं. आपण कुठं जायचं हे मग आपल्या हातात राहत नाही. धक्क्याची लाट आली की पाय जमिनीवरून सुटतात आणि माणूस तीन-तीन मीटर वाहत जातो. वाकलेल्या पोलादी कठड्यांवरून त्यानं दाबाचा हिशेब दिला: ४,५०० न्यूटनच्या वर, म्हणजे साडेचारशे किलोंहून अधिक वजनाइतका. अशा दाबाखाली छाती फुगत नाही. माणसं तुडवली जाऊन मरतात हा समज बहुतांशी खोटा आहे; ती श्वास न घेता आल्यानं मरतात.

मुंबईकर इथं थांबवून विचारेल, की आमच्या लोकलमध्ये तर याच्या दुप्पट माणसं असतात. खरं आहे. गर्दीच्या वेळी चौरस मीटरमागे १४ ते १६ उभे प्रवासी, असा रेल्वेचाच आकडा आहे. पण डबा लांबीला बेताचा असतो. मागून लोटणारी माणसं मोजकी असतात आणि बराचसा भार डब्याच्या भिंती व खांब पेलतात. मोकळ्या स्टँडवर किंवा जिन्यावर मागच्या शेकडो माणसांचा थोडाथोडा रेटा पुढे साठत जातो. मागच्यांना आपण फक्त एक पाऊल टाकलं असं वाटतं, पुढच्याच्या बरगड्यांवर त्या सगळ्या पावलांची बेरीज येते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर २३ माणसं गेली ती अशीच. पाऊस पडत होता, वरचे खाली उतरत नव्हते आणि मागून लोक येतच होते. तिथं ना सामना होता ना वैर.

दाराशी नेमकं काय होतं, ते गिरणीत ज्वारी दळायला नेणाऱ्यानं पाहिलेलं असतं. वरच्या डब्यात धान्य ओततात, खालच्या भोकातून ते जात्यात पडतं. डब्यात चार किलो असो की दहा, खाली पडण्याचा वेग साधारण तोच राहतो. वरचा ढीग वाढवून धार वाढत नाही. आणि मध्येच केव्हातरी धार थांबते. भोकावर चार-सहा दाणे एकमेकांना टेकून कमान धरतात आणि वरचं वजन ती कमान आणखी घट्ट करतं. गिरणीवाला डब्याला बाहेरून एक टोला देतो, कमान मोडते, धार सुरू. स्पेनमधल्या नावारा विद्यापीठात इकेर सुरिगेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाणे, गोठ्याच्या दारातून निघणाऱ्या मेंढ्या आणि माणसं यांची तुलना केली, तर अडकण्याचे नियम थक्क व्हावं इतके सारखे निघाले. डर्क हेल्बिंग, इलेश फार्कश आणि तमाश विचेक यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये संगणकावर दाखवून दिलं, की दाराशी जितकी घाई तितका उशीर: लोक जोर लावतात तशा कमानी जास्त वेळा धरतात आणि बाहेर पडणाऱ्यांची संख्या घटते. फरक एवढाच, की ज्वारीचा दाणा कमानीतला दाब सोसतो, बरगडी सोसत नाही.

‘नेचर’मधल्या त्याच निबंधातला दुसरा निष्कर्ष मात्र वर्तमानपत्रांनी जरा जास्तच डोक्यावर घेतला: दाराच्या किंचित आधी, थोडा बाजूला एक खांब उभारला तर गर्दी लवकर बाहेर पडते. कल्पना मोहक आहे. पण माणसांवर नंतर झालेल्या प्रयोगांत तिचा फायदा कधी दिसला, कधी दिसला नाही. त्या भरवशावर कुणी स्टेडियमच्या दारात खांब घालू नये. दार रुंद करणं हा उपाय नीरस आहे, पण त्याचा उपयोग होतो याबद्दल शंका नाही.

मलंगला काय झालं ते आता समजायला सोपं जाईल. तिथला अरेमा आणि सुराबायाचा पर्सेबाया या संघांचं वैर इतकं कडवं, की पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना त्या रात्री प्रवेशच नव्हता. म्हणजे मारामारी होऊ नये म्हणून करायची ती सर्वांत कडक गोष्ट केलेली होती. पण ३८,००० जागांच्या मैदानाची ४२,००० तिकिटं विकली गेली होती. अरेमा २-३ असा हरला, काही पाठीराखे मैदानात उतरले आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला, मैदानावर आणि जिथं बायकामुलं बसली होती त्या स्टँडवरही. अशा वायूला स्टेडियममध्ये फिफाच्या सुरक्षा नियमांनी बंदी आहे आणि तिचं कारण भौतिकशास्त्रातच आहे. धूर हजारो माणसांना एकाच क्षणी एकाच दाराकडे लोटतो, त्यांचे डोळे मिटवतो आणि ज्या फुप्फुसांना हवेची सर्वांत जास्त गरज आहे त्यांचीच हवा बिघडवतो. दारं अरुंद होती, काही बंद होती.

मग डर्बीतलं वैर निरुपद्रवी आहे का? अजिबात नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये शेजारी शेजारी बसले होते. मैदानावर बिदेश बोस आणि दिलीप पालित यांच्यात जुंपली, पंचांनी दोघांनाही बाहेर काढलं आणि स्टँडमध्ये हाणामारी पेटली. पळापळीत १६ जण मेले. बंगालमध्ये तो दिवस आजही रक्तदान करून पाळतात. दगड भिरकावणारा गुन्हेगारच. पण त्या दोन जमावांना एकत्र बसवायचं कुणी ठरवलं, हा प्रश्न त्या दगडाइतकाच महत्त्वाचा आहे.

गर्दीत शिरलं की माणसाची बुद्धी जाते, हे मत गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकानं १८९५ साली मांडलं आणि अनेक पोलीस दलं अजून त्यावरच चालतात. स्टीफन रायकर आणि क्लिफर्ड स्टॉट या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं आहे. गर्दीत माणूस स्वतःला हरवत नाही, तो ‘मी’चा ‘आम्ही’ होतो, आणि या ‘आम्ही’त कोण मोडतं ते समोरच्याच्या वागण्यावर ठरतं. सरसकट सगळ्यांवर लाठी उगारली की शांत बसलेलाही दंगेखोराच्या बाजूला जातो. २००४ साली पोर्तुगालमधल्या युरो स्पर्धेत स्टॉट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे पाहिलं. जिथं पोलीस साध्या गणवेशात, गप्पा मारत फिरत होते तिथं इंग्लंडचे बदनाम पाठीराखे जवळजवळ शांत राहिले. आल्बुफेराला, वेगळ्या दलाच्या हद्दीत, जुनी पद्धत होती आणि दंगल झाली.

‘आम्ही’ची हद्द अशी बदलते, याचा पुरावा कोलकात्यानं १८ ऑगस्ट २०२४ रोजी दिला. आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येमुळे शहर पेटलेलं असताना ड्युरँड कपची डर्बी सुरक्षेचं कारण देऊन रद्द झाली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडनचे पाठीराखे सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र जमले, एकमेकांचे झेंडे खांद्याला लावून न्याय मागत राहिले. पोलिसांच्या लाठ्या त्या सगळ्यांवर चालल्या.

गर्दीचं भाकीत करणारं शास्त्र पुढे जात आहे. दनी बार्तोलो आणि सहकाऱ्यांनी स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या सान फेर्मिन उत्सवातली गर्दी वरून चित्रित केली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये दाखवलं, की दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की कुणीही न ठरवता शेकडो माणसं एकत्र गोल झुलू लागतात, सुमारे १८ सेकंदांत एक फेरी. २०१० साली जर्मनीत ड्युइसबर्गला चेंगराचेंगरीत २१ जण मेले, त्या दुर्घटनेच्या चित्रणातही तेच झुलणं सापडलं. धोक्याची ही खूण कॅमेऱ्याला आधी कळू शकते, हे मोठंच यश आहे. पण त्यावरून ‘कृत्रिम बुद्धिमत्तेनं चेंगराचेंगरी थांबणार’ असे मथळे येतात तेव्हा मला आयब्रॉक्स आठवतं. तिथं धोका ओळखायला यंत्र लागत नव्हतं. तीन अपघातांची नोंद होती.

आयब्रॉक्सनंतर ब्रिटनमध्ये १९७५ साली कायदा झाला, मैदानांसाठी मार्गदर्शक पुस्तिका आली. तरीही १९८९ साली हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत ९७ जण गेले, पोलिसांनी दोष पाठीराख्यांवर टाकला आणि पाठीराख्यांची चूक नव्हती हे ज्यूरीच्या तोंडून वदवायला २०१६ उजाडलं. त्या पुस्तिकेतली एक आकडेमोड मात्र आपण उचलावी अशी आहे. तिची मुळं एका नाट्यगृहापर्यंत जातात, असं मानतात. १९११ साली एडिनबरात जादूगार लाफायेतच्या प्रयोगात रंगमंच पेटला. वाद्यवृंदानं राष्ट्रगीत सुरू केलं, ३,००० प्रेक्षक उठून शिस्तीत निघाले आणि गीत संपेपर्यंत, अडीच मिनिटांत, सगळे बाहेर होते. पडद्यामागे लाफायेत आणि त्याची काही माणसं मात्र वाचली नाहीत. आगीचा धोका जास्त असलेल्या जागेसाठी ‘अडीच मिनिटं’ ही मर्यादा तिथून आली. नेहमीच्या सामन्यानंतर स्टँड रिकामा व्हायला कमाल आठ मिनिटं धरतात. सपाट वाटेच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं, जिन्यावरून ६६.

कोल्हापुरात पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा तालमींचा सामना असला की शाहू स्टेडियम कसं भरतं, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. हुल्लडबाजीच्या बातम्याही त्याला नव्या नाहीत आणि त्या आल्या की चर्चा तालमींच्या पोरांभोवतीच फिरते. ती व्हावी, पण सोबत हा हिशेब कुठल्याही मैदानासाठी करून पाहावा. एक मीटर जिना आठ मिनिटांत ५२८ माणसं उतरवतो. दहा हजार माणसं जिन्यानं उतरणार असतील तर सगळे जिने मिळून सुमारे १९ मीटर रुंदी हवी. हंगाम सुरू होण्याआधी टेप घेऊन एका दुपारी हे मोजता येतं. मोजताना कुलूप घातलेल्या दाराची रुंदी शून्य धरायची.