कुरवाचे वय त्याच्या पंखात

हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला निघालेल्या बोटीमागे कुरव झेपावतात, तेव्हा ते सारे सारखेच दिसतात. पण त्या थव्यात गेल्या उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या तळ्यांकाठी जन्मलेली पिल्ले असतात आणि जाणते पक्षीही. कोण कोणता, हे नुसत्या नजरेने ओळखता येते!

आधी जात ओळखायची. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा हे दोन्ही कुरव थंडीत पांढऱ्या डोक्याचेच असतात, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका. म्हणून पंखाचे टोक पाहावे. तपकिरी डोक्याच्या प्रौढाचे टोक ठसठशीत काळे, त्यात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्याला पंखाच्या पुढच्या कडेने पांढरा पट्टा. आता वय. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी आणि पंखावर तपकिरी डाग असतील, तर तो पक्षी आयुष्यातला पहिला हिवाळा पाहतो आहे.

पिसांवरून वय ओळखणे शक्य होते, कारण पूर्ण वाढलेले पीस नखासारखे निर्जीव असते. झिजले तर दुरुस्त होत नाही, बदलावेच लागते. ऊन आणि वारा त्याला विटवतात. काळे रंगद्रव्य पिसाला बळकटी देते, म्हणून त्याच पिसातला पांढरा भाग आधी झिजतो.

पंखाच्या टोकाकडची दहा मोठी पिसे कुरव आतून बाहेर, क्रमाने बदलतो, आणि दोन्ही पंखांत जवळजवळ एकाच वेळी. त्यामुळे उडणे थांबत नाही. अर्धवट बदललेल्या पंखात आतली पिसे ताजी, बाहेरची विटकी दिसतात. पिल्लाची उडण्याची पिसे मात्र एकदमच वाढलेली असतात, म्हणून ती सारखीच झिजतात.

लहान आकाराच्या जातींचे कुरव दुसऱ्या वर्षी प्रौढांसारखे दिसू लागतात. ह्यूगलिनच्या थोराड कुरवाला सुमारे चार वर्षे लागतात. तो सैबेरियाच्या टुंड्रातून येतो. तिथला उन्हाळा आखूड आणि प्रवास लांबचा, त्यामुळे त्याची पिसे बदलणे हिवाळ्यातही चालू राहते. कोकणच्या वाळूवर बसलेल्या या पक्ष्याच्या पंखात फट दिसली, तर समजावे की त्याला परत उत्तरेला नेणारी पिसे इथेच, आपल्या किनाऱ्यावर उगवत आहेत. किती मोठी गोष्ट आहे ही!

प्रौढ झाल्यावर मात्र पिसे वयाबद्दल गप्प होतात. मिडवे बेटावरच्या 'विस्डम' या लेसन अल्बट्रॉस मादीच्या पायात पक्षीशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी १९५६ मध्ये कडे घातले. तेव्हा ती अंड्यावर बसलेली होती, म्हणजे निदान पाच वर्षांची. २००२ मध्ये तीच मादी रॉबिन्स यांच्या हाती पुन्हा लागली, आणि २०२४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावरही, तिने अंडे घातले. पिसे पक्ष्याचे बालपण वर्षागणिक सांगतात. पुढचे आयुष्य कळायला माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवाव्या लागतात.