उष्मांकांची वही मध्येच का बंद पडते?

वजन आटोक्यात आणण्याचा निश्चय झाला की घरात एक नवी वही येते, किंवा मोबाइलवर एखादे अ‍ॅप. पहिला आठवडा नोंदी काटेकोर होतात. दुसऱ्यात वरण नेमके किती घेतले हे आठवेनासे होते, तिसऱ्यात लग्नाचे जेवण आडवे येते आणि वही कपाटात जाते. दोष इच्छाशक्तीला दिला जातो. वस्तुतः तो बहुधा मोजण्याच्या पद्धतीत असतो.

आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती शास्त्रीय परिभाषेत किलोकॅलरी. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेला हिशेब आजही वापरात आहे : एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांतून किंवा प्रथिनांतून सुमारे ४ उष्मांक, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९. आपल्या स्वयंपाकघरातील बरेचसे गणित या दोन आकड्यांतच आहे.

पोळ्या मोजणे सर्वांनाच जमते. पंचवीस ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण ८५ उष्मांक असतात. तिला लावलेले छोटा चमचाभर तेल त्यात आणखी ४० ची भर घालते, आणि वहीत ते कुठेच नसते. आमटीतले खोबरे, कोशिंबिरीतले दाण्याचे कूट, चार वेळच्या चहातली साखर यांचीही तीच गत. उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीला ‘हलके खाणे’ कोणी ठरवले, हे एक कोडेच आहे!

१९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या काही व्यक्तींचा प्रत्यक्ष ऊर्जाव्यय मोजण्यात आला. त्यांनी आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवला होता. ही लबाडी समजण्याचे कारण नाही. निसटते ते असेच, नकळत निसटते.

म्हणून तेलाचा हिशेब चमच्याने न करता महिन्याने करावा. एक लिटर तेलात सुमारे ८,२०० उष्मांक असतात. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे २७० उष्मांक केवळ तेलातून येतात. (तळणीचे उरलेले तेल टाकून देत असाल तर ते वजा करावे.) हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला की पोळीवरचे आणि फोडणीतले तेल रोज वेगळे धरावे लागत नाही.

घरातली नेहमीची वाटी आणि भाताचा डाव यांत किती मावते, तेही एकदाच काट्यावर पाहून ठेवावे. परदेशी अ‍ॅपमधला ‘कप’ बहुधा २४० मिलिलिटरचा असतो. आपली वाटी त्याहून बरीच लहान. बहुतेक घरांत वीस-पंचवीस पदार्थच आलटून पालटून होतात. त्यांची यादी एका रविवारी करून टाकली की पुढे केवळ खूण करणे उरते. कच्च्या जिन्नसांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत मिळतात.

राहिला उत्साहाचा प्रश्न. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,७०० जणांच्या एका अभ्यासात रोज आहार नोंदवणाऱ्यांचे वजन अजिबात न नोंदवणाऱ्यांच्या दुप्पट घटलेले आढळले. तेव्हा नोंद अचूक असण्यापेक्षा ती अखंड राहणे अधिक मोलाचे. दिवाळीचा फराळ झाला तर ‘फराळ, दोन चकल्या, एक लाडू’ एवढेच लिहावे; आकडा सुचला नाही तरी चालेल. बेरीज दिवसाची न पाहता आठवड्याची पाहावी, म्हणजे एका जेवणावळीने सगळे बिघडले असे वाटत नाही. वजनही रोजचे मनावर घेऊ नये. मीठ आणि पाणी यांमुळे ते किलोभर सहज वरखाली होते.

वाढत्या वयाची मुले, गर्भवती आणि इन्सुलिन घेणारे मधुमेही यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या हिशेबाने आहार कमी करू नये. आकड्यांच्या धास्तीने कोणी जेवण टाळू लागले असेल, तर वही तेथेच बंद करावी आणि डॉक्टरांना गाठावे.