काळोखाच्या शोधांत : ग्रीन बँकचे डोंगर व तारादर्शन

आकाशगंगेचा पाठ शिकवीत असतां, ती प्रत्यक्ष पाहिलेल्यांनीं हात वर करावे, असें आम्हीं एकदां वर्गांत म्हटलें. दोन-तीनच हात वर आले, आणि तेही सुटींत आजोळीं खेड्यांत जाणाऱ्या मुलांचे. बाकीच्या मुलांनीं आकाशगंगा पाहिली होती ती पुस्तकांतील चित्रांत. त्यांपैकीं एकानें आम्हांस विचारिलें, "गुरुजी, ती पाहावयास कोठें जावें?" प्रश्न साधा होता, परंतु आमच्याजवळ धड उत्तर नव्हतें. पुढें एका उन्हाळ्यांत अमेरिकेंतील ॲपलाचियन पर्वतांत कांहीं दिवस राहण्याचा योग आला, आणि तेथील एका लहानशा गांवानें आम्हांस हें उत्तर शिकविलें. तें गांव म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील ग्रीन बँक.

ह्या गांवाचें नांव ज्योतिषशास्त्रांत प्रसिद्ध आहे. डोळ्यांस न दिसणाऱ्या, परंतु आकाशांतून सतत येणाऱ्या रेडिओलहरी टिपण्याच्या मोठमोठ्या दुर्बिणी येथें आहेत. १९६० सालीं फ्रँक ड्रेक ह्या तरुण शास्त्रज्ञानें ८५ फूट व्यासाच्या दुर्बिणीनें दोन ताऱ्यांकडे कान लावून, तेथें कोणी बोलतें आहे काय, हें ऐकण्याचा यत्न केला, तो येथेंच. कोणी बोललें नाहीं, ही गोष्ट निराळी. ३०० फूट व्यासाची एक दुर्बीण १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्रीं एकाएकीं कोसळली. तिच्यामागून २००० सालीं उभी राहिलेली दुर्बीण तर ४८५ फूट उंच असून तिची थाळी १०० मीटर रुंद व ११० मीटर लांब आहे. त्या खोऱ्यांत आपण कोठेंही उभे राहिलों तरी ती पांढरी थाळी झाडांवरून डोकावतांना दिसते.

ह्या दुर्बिणींना शांतता लागते. म्हणून १९५८ सालीं तेथील सरकारनें सुमारें १३,००० चौरस मैलांचा टापू 'रेडिओ-शांत' म्हणून राखून ठेविला. गांवांत खिशांतला टेलिफोन चालत नाहीं. दुर्बिणींच्या अगदीं जवळ पेट्रोलच्या मोटारीसही मज्जाव आहे. कारण तिच्या इंजिनांत ठिणगी पडते, आणि त्या ठिणगीचा आवाज दुर्बिणीस ऐकूं येतो. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते, म्हणून तेथें त्याच गाड्या फिरतात. आपल्याकडे जुन्नर तालुक्यांत खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची जी दुर्बीण आहे, तीही अशीच डोंगरांच्या आडोशाची व रेडिओचा गोंगाट कमी असलेली जागा पाहून बांधिली आहे.

परंतु येथें एका गैरसमजाबद्दल सांगितलें पाहिजे, कारण आम्हीही तोच मनांत घेऊन गेलों होतों. रेडिओची शांतता म्हणजे काळोख नव्हे. १९५८ चा नियम प्रक्षेपकांवर बंधन घालतो, दिव्यांवर नाहीं. ग्रीन बँकच्या आसपास रात्र काळी असते, तिचें कारण वेगळें आहे. तेथें वस्ती विरळ आहे, मोठें शहर जवळ नाहीं, आणि गांवाभोवतीं मोनोंगाहेला नांवाचें सरकारी जंगल नऊ लक्ष एकरांहून अधिक पसरलें आहे. झाडांना दिवे लागत नाहींत, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या रात्रीं आम्ही गांवाबाहेर एका कुरणांत जाऊन उभे राहिलों. आमचे यजमान तेथील वृद्ध शेतकरी होते. "आज नको," असें त्यांनीं सांगितलें होतें, परंतु आम्हांस उतावीळ झाली होती. अर्धा तास आकाश ठीक होतें. नंतर ओढ्यावरून पांढरें धुकें उठलें, आणि पाहतां पाहतां गुडघ्यांपासून डोक्यावर गेलें. दहानंतर तारे सोडाच, शेजारचें कुंपणही दिसेना. दुसऱ्या दिवशीं न्याहरीच्या वेळीं यजमानांनीं कारण समजाविलें. रात्रीं जमीन थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड व जड होऊन उतारावरून पाण्यासारखी खालीं वाहते, आणि खोऱ्याच्या तळाशीं सांचते. तेथें ओढ्याची ओल असतेच. मग धुकें धरावयास किती वेळ? म्हणून त्या डोंगरांत तारे पाहणाराचा पहिला नियम असा, कीं तळ सोडावा आणि वर चढावें.

वर चढण्यांत आणखी एक लाभ आहे. ह्या पर्वताच्या रांगा ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेलेल्या आहेत, व त्यांमधील खोरींही तशींच लांबट आहेत. अरुंद खोऱ्यांत उभें राहिलें, तर पूर्व व पश्चिम ह्या दोन्ही दिशा डोंगर आणि झाडें खाऊन टाकतात. आकाशाची एक चिंधी तेवढी वर उरते. मात्र ऑगस्टच्या संध्याकाळीं आकाशगंगाही ईशान्येकडून निघून डोक्यावरून नैर्ऋत्येकडेच उतरते. त्यामुळें धुकें नसलें, तर तीच चिंधी आकाशगंगेनें बरोबर भरून जाते. हा योगायोग आम्हांस फार आवडला; पण धुकें नसलें तर!

तेव्हां जागा शोधावयाची ती अशी : उंचावर, मोकळी, व दिव्यांकडे पाठ करतां येईल अशी. ग्रीन बँकच्या पश्चिमेस डोंगरमाथ्यावर बर्फावरून घसरण्याच्या खेळाचें एक मोठें ठिकाण आहे. हिंवाळ्यांत तेथील उतार दिव्यांनीं उजळतात, म्हणून त्या दिवसांत पश्चिमेची आशा धरूं नये. दक्षिण दिशा मात्र काळी असावी, कारण उन्हाळ्यांत आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग, म्हणजे धनु राशीकडील, तिकडेच असतो. आपल्या पुण्याहून तो क्षितिजावर बेचाळीस अंशांपर्यंत चढतो. ग्रीन बँक साडेअडतीस अक्षांशांच्या जवळ असल्यानें तेथें तो तेवीस अंशही चढत नाहीं. मधें एखादी टेकडी आली कीं, तो गेलाच. उलट ध्रुव तेथें आपल्यापेक्षां दुप्पट उंच दिसतो, आणि सप्तर्षींपैकीं एक मरीचि सोडला, तर बाकीचे सहा ऋषि कधींच मावळत नाहींत. अगस्त्य मात्र तेथें उगवतच नाहीं. ही गोष्ट ऐकून आमच्या यजमानांस आमच्या देशाचा जरा हेवा वाटलासें दिसलें.

उंच जागांत पहिला मान स्प्रूस नॉबचा. ४,८६३ फूट उंचीचें हें शिखर त्या संस्थानांतील सर्वांत उंच होय. माथ्यावर दगडी मनोरा आहे. पश्चिमेचा वारा तेथें इतका सतत वाहतो, कीं कित्येक झाडांना फांद्या एकाच बाजूस उरल्या आहेत. जणूं सारीं झाडें पूर्वेकडे हात करून उभीं आहेत. वर जाणारा रस्ता खडीचा असून हिंवाळ्यांत त्यावरील बर्फ कोणी काढीत नाहीं. उत्तरेस डॉली सॉड्स नांवाचें झुडपांचें उघडें पठार आहे. तेथें क्षितिज फार मोठें दिसतें, परंतु ढगही तितकेच येतात, कारण पश्चिमेकडून येणारी ओलसर हवा ह्याच कड्यावर चढते. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यांत होतें तसेंच.

मुलांबाळांसह जाणारांस आम्ही तिसरी जागा सुचवूं. दक्षिणेस वॉटोगा हें उद्यान १९३७ सालीं खुलें झालें. तें, कॅल्विन प्राइस जंगल, व ड्रूप माउंटन हें १८६३ सालच्या लढाईचें मैदान, ह्या तिघांस २०२१ सालीं 'काळोख्या आकाशाचें उद्यान' अशी मान्यता मिळाली. ही मान्यता देणारी संस्था १९८८ सालीं अमेरिकेंतच निघाली. मान्यता केवळ काळोख आहे म्हणून मिळत नाहीं. उद्यानांतील दिवे झांकलेले, खालीं पाहणारे व मंद करावे लागतात. अशा ठिकाणीं परवानगीचा प्रश्न नसतो. खाजगी कुरणांत मात्र मालकास विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये, आणि नोव्हेंबरांत हरणांच्या शिकारीचे दिवस असतात, तेव्हां अंधारांत रानांत भटकूं नये.

जागा मिळाली, तरी तिथि पाहावी. पौर्णिमेच्या आठवड्यांत सर्वांत उंच शिखरही फुकट. अमावास्येच्या आगेमागें जावें, आणि तेथें पोंचल्यावर वीस ते तीस मिनिटें पांढरा दिवा लावूं नये. अंधारांत पाहणारा डोळ्यांतील रंजक पदार्थ हळूहळू तयार होतो व प्रकाशाच्या एका झोतानें क्षणांत नाहींसा होतो. कंदील हवाच असेल, तर त्यावर तांबडा कागद बांधावा. जागा खरोखर चांगली आहे कीं नाहीं, हें ध्रुवमत्स्यावरून ओळखावें. त्याचे सात तारे मोजतां आले, तर जागा उत्तम; शहरांत दोन-तीनच दिसतात.

आमची खरी रात्र अमावास्येची. यजमानांनीं आपल्या जुन्या गाडींतून आम्हांस स्प्रूस नॉबवर नेलें. खालचीं खोरीं धुक्यानें भरलीं, आणि तेंच धुकें आतां आमच्या उपयोगी पडलें, कारण त्यानें खेड्यांतले उरलेसुरले दिवेही झांकून टाकिले. आकाशगंगा ढगासारखी नव्हे, तर गांठीगांठींची, मधें काळे ओहोळ असलेली दिसली. ईशान्येस देवयानींतील अंधुक डाग, डोळा जरासा बाजूस केल्यावर, स्पष्ट झाला. त्याचा प्रकाश पंचवीस लक्ष वर्षांचा प्रवास करून येतो. आम्ही थंडीनें कुडकुडत होतों, पण परत चला असें कोणी म्हणेना.

येतांना यजमानांनीं एक अडचण सांगितली. त्यांच्या शेजारीं एक वृद्ध विधवा एकट्या राहतात. त्यांच्या अंगणांत रात्रभर एक प्रखर दिवा जळतो, आणि त्यामुळें यजमानांच्या ओसरीवरून अर्धें आकाश नाहींसें होतें. दिवा विझवा असें सांगावयाचें कसें? रात्रीं कांहीं झालें, तर खिशांतला टेलिफोन तेथें चालत नाहीं; त्या बाईंना तो दिवा म्हणजे सोबतच आहे. आम्हांसही त्यांचें भय खोटें वाटलें नाहीं. दुर्बिणीसाठीं गांवानें जें सोसलें, त्याचा भार अशाच एकट्या माणसांवर अधिक पडतो, हें शास्त्राच्या गौरवांत विसरलें जातें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं यजमान पत्र्याचा एक तुकडा वांकवून त्या बाईंकडे गेले. दिवा तोच ठेविला, फक्त त्यावर टोपी बसविली. उजेड पायरीवर व फाटकापर्यंत पडला, पूर्वीपेक्षां थोडा अधिकच. वर व आडवा जाणारा तेवढा बंद झाला. बाईंनीं स्वतः फाटकापर्यंत चालून पाहिलें, आणि मान डोलावली. त्या रात्रीं धुकें उशिरां आलें. ओसरीवर बसून आम्हीं ध्रुवमत्स्याचे तारे मोजले. सहा लगेच मिळाले. सातव्यासाठीं यजमानांनीं बराच वेळ घेतला, पण तोही मिळाला.