कमरेची एक, पित्ताची एक

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजाराच्या गावी मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहा. ‘एक कमरेची द्या, एक पित्ताची द्या,’ ही मागणी कानावर पडतेच. दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाईची कंबर दुखणारच. पण तिला अल्सर असेल, तर घरचे नेमके नको त्या गोळीला घाबरतात.

‘अल्सर असला की जेल्युसिल, डायजीन घेऊ नये’ असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. या औषधांतले ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आम्ल तेवढ्यापुरतं मारतात. किडनी धड असेल, तर अधूनमधून घेतल्यानं अल्सर चिघळत नाही. मॅग्नेशियमनं पोट सुटतं, ॲल्युमिनियमनं धरतं, एवढाच त्रास. मात्र लोहाची, थायरॉइडची किंवा डॉक्सिसायक्लिनची गोळी चालू असेल, तर मध्ये दोन ते चार तास जाऊ द्यावेत, नाहीतर ती अंगी लागत नाही.

घाबरायचं ते कमरेच्या गोळीला. डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही सगळी एकाच गोत्रातली. जठराचं अस्तर स्वतःच्याच आम्लापासून वाचतं ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे, आणि या गोळ्या दुखणं थांबवतात ते तीच रसायनं कमी करून. हे काम रक्तातून होतं. म्हणून ‘भरल्या पोटी घेतली की बाधत नाही’ हे खरं नाही, आणि ‘गोळी नको, सुई मारा’ म्हणून घेतलेलं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शनही अल्सरवाल्याला सोडत नाही. पाण्यात विरघळणारी डिस्प्रिन सौम्य वाटते, पण ती ॲस्पिरिनच. अमेरिकेत तर पित्तावरच्या काही फसफसणाऱ्या गोळ्यांतच ॲस्पिरिन असतं. त्यातून गंभीर रक्तस्राव झाल्याचे प्रकार पाहून तिथल्या औषध प्रशासनानं 2016 मध्ये लोकांना सावध केलं होतं.

आपल्याकडे औषध नियमांच्या ‘अनुसूची के’ मध्ये घरगुती औषधांची एक यादी आहे. हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावात ती औषधं परवान्याशिवाय विकता येतात. त्या यादीत ॲस्पिरिन आणि आम्लनाशक दोन्ही आहेत. दुखणं आणि उतारा एकाच फळीवर! यादी करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण अल्सरच्या रोग्यासाठी त्या फळीवर काही लिहिलेलं नसतं.

म्हणून पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचायची सवय लावावी. कॉम्बिफ्लाम अनेकजण ‘तापाची गोळी’ म्हणून घेतात. तिच्यात पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम आहे आणि सोबत आयबुप्रोफेन 400. अल्सरवाल्यानं दुखण्यासाठी नुसतं पॅरासिटामॉल मागावं, तेही मात्रेत. हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिलं असेल, तर मात्र ते आपल्या मनानं बंद करू नये. पोटाचं संरक्षण कसं करायचं ते त्यांनाच विचारावं. पँटोप्राझोलसारखी गोळी सोबत दिली की धोका कमी होतो, संपत नाही. जेल्युसिलनं तेवढंही संरक्षण मिळत नाही.

खाण्याचा सोडा आणि इनोनं ढेकर येऊन बरं वाटतं, पण त्यातून सोडियम बरंच जातं. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. दुधानंही घडीभर थंड वाटतं, नंतर आम्ल पुन्हा वाढतं. ज्येष्ठमध ‘झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक’ समजून महिनोन्‌महिने घेतलं, तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं.

ठेच्याला मात्र उगाच बदनाम केलंय. तिखटानं जळजळ होते, अल्सर होत नाही. बहुतेक अल्सरच्या मुळाशी एकतर या वेदनाशामक गोळ्या असतात, नाहीतर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना 2005 चं नोबेल मिळालं. जंतू असेल तर ॲंटिबायोटिक्सचा पूर्ण कोर्स घ्यावा लागतो.

इथेच पित्ताच्या गोळीचा खरा दोष दिसतो: ती लपवते. पँटोप्राझोल कायद्यानं चिठ्ठीवरचं औषध, पण सर्रास तसंच मिळतं. रोज सकाळी ते घेणाऱ्याची जळजळ थांबते आणि जंतू तसाच राहतो. ते चालू असताना श्वासाची किंवा शौचाची तपासणी केली, तर जंतू असूनही नाही असं उत्तर येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी ते थांबवावं लागतं. वजन घटत असेल, घास अडकत असेल किंवा रक्त कमी झालं असेल, तर गोळी बदलत बसण्यापेक्षा एंडोस्कोपी करून घ्यावी.

डांबरासारखी काळी, चिकट शौच म्हणजे आतून रक्त जातंय असं धरावं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तशी चिकट आणि उग्र वासाची नसते. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली किंवा अचानक असह्य कळ येऊन पोट लाकडासारखं कडक झालं, तर ‘गॅस असेल’ म्हणून पुडी पाण्यात सोडू नये. काही खाऊ-पिऊ न घालता 108 ला फोन करावा. उमरखेडहून यवतमाळचं शासकीय मेडिकल कॉलेज शंभरेक किलोमीटर आहे. सकाळपर्यंत वाट पाहण्यात वेळ घालवू नये.